पुलावरच्या म्हाताऱ्याचा शेवट

सोमवारी सकाळी दुकानातली तिन्ही शिलाई मशीनं बंद होती आणि तोंडं मात्र चालू होती. आदल्या संध्याकाळी ‘धुक्यापलीकडचं राज्य’ संपलं होतं. आठ वर्षं चाललेली मालिका. तिच्यापायी लोकांनी प्रवास पुढे ढकलले होते, नवराबायकोंनी अबोले मिटवले होते, आणि शेवट केला तर असा की एकाचंही समाधान होऊ नये.

“आठ वर्षं!” काजं-बटणं करणारी बाई म्हणाली. तिला दुकानात सगळे काजबटणच म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई. “आठ वर्षं तो म्हातारा पुलावर दिवा घेऊन बसला. लहानपणापासून सांभाळलं त्याने त्या कार्टीला. पहिल्या भागात लढाईला जाताना सांगून गेली, परत येईन ती या पुलावरूनच. आणि काल काय केलं बयेनं? राणीचा मुकुट घातला आणि बसली जहाजात! समुद्रावरून परस्पर नव्या राजधानीला! पुलाकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही!”

मालकीणबाईंनी कात्री टेबलावर आपटली. “आमच्या ह्यांनी रागाने जेवण टाकलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, माझ्या हातात असतं तर तिला पुलावरून चालत आणली असती, अनवाणी.”

“अनवाणी कशाला, गुडघ्यांवर!” काजबटण म्हणाली. तिच्या फोनवरच्या प्रेक्षकांच्या ग्रुपमध्ये कालपासून नुसता धुरळा उडाला होता. शेवट बदलून पुन्हा चित्रित करा, या मागणीवर हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या. काजबटणने दोनदा केली होती, एकदा नवऱ्याच्या नावाने.

या गदारोळात एकटी फिटिंगवाली गप्प होती. एका कोटाचं अस्तर उसवत ती मान खाली घालून बसली होती. एरवी सोमवारी पहिलं तोंड तिचंच उघडायचं. ढगळ कपडे आखडायचे आणि तंग कपडे सैल करायचे हे दुकानातलं तिचं काम. कुणाच्या अंगावर काय बसेल हे तिला टाचणी लावायच्या आधीच दिसायचं. काल घरी तिने हेच कसब नको तिथे वापरलं होतं.

घरी ती आणि तिचे सासरे, दोघंच. बाबा जन्मभर बसचे कंडक्टर. काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही नेलं. आता उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना कळे. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, परदेशी नोकरीला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. ही गोष्ट घरात एकदाच बोलली गेली. त्या दिवशी बाबांनी सुनेला एवढंच विचारलं, “तू माहेरी जाणार का?” ती नाही म्हणाली. “मग चहा टाक,” बाबा म्हणाले, आणि विषय संपला. लोकांना वाटे, सून म्हाताऱ्याला सांभाळते. पण ती दुकानातून दमून आली की चहाचं पाणी आधीच उकळत असे, आणि कोण कुणाला सांभाळतंय याचा हिशेब त्या घरात कुणी करत नसे.

रविवारी दोघं मालिका बघत. बघत म्हणजे, सून बघे आणि बाबा ऐकत. मालिका परक्या भाषेतली. खाली आपल्या भाषेतली अक्षरं येत. ती सून वाचून दाखवी, आणि चित्रात काय चाललंय तेही सांगे. बाबांची खुर्ची टीव्हीकडे नसे, दाराकडे असे. “मला कुठे बघायचंय?” ते म्हणत. गोष्ट रेंगाळली की त्यांच्यातला कंडक्टर जागा होई. “पुढे सरका, पुढे सरका!” ते राणीच्या दरबाराला बजावत.

अडचण एकच होती. त्या राज्यातल्या राजेराण्यांना लढाईतून जरा उसंत मिळाली की ते थेट शयनगृह गाठत. तिथे काय चाललंय हे सुनेने सासऱ्याला सांगायचं कसं? पहिल्यांदा असा प्रसंग आला तेव्हा ती गडबडली आणि म्हणाली, “वारा सुटलाय, बाबा. पडदे हलतायत.” बाबा खाकरले. “हलू दे,” म्हणाले. तेव्हापासून ती वहिवाटच पडली. पुढे पुढे वारा इतका सुटायला लागला की एकदा बाबांनी विचारलं, “या महालाच्या खिडक्यांना दारं नाहीत काय गं?” दोघांनीही आपापलं हसू दाबलं आणि गोष्ट पुढे सरकली.

या सगळ्याला आता वन्संची घाई लागली होती. वन्सं म्हणजे बाबांची मुलगी, हिची थोरली नणंद. दुसऱ्या शहरात त्यांचं मोठं घर, लिफ्ट, बाबांसाठी वेगळी खोली, दिवसभर एक बाई ठेवायची तयारी. “बाबा, माझ्याकडे चला. तिलाही तिचं आयुष्य आहे,” असं त्या वर्षभर म्हणत होत्या. मनापासून म्हणत होत्या, हीच तर पंचाईत होती. बाबांचं उत्तर ठरलेलं: “मालिका संपू दे, मग बघू.” आता मालिका संपली होती, आणि येत्या रविवारी वन्सं बॅग भरायलाच येणार होत्या. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, हा विचारच सुनेला नको वाटे. बाबा, जाऊ नका, असं म्हणायचा आपल्याला हक्क तरी काय, हेही तिला उमगत नव्हतं. ज्याच्यामुळे ती या घरची सून झाली, तो केव्हाच निघून गेला होता.

असं सगळं डोक्यात असताना काल शेवटचा प्रसंग आला. राणी जहाजावर उभी होती. नावाड्याने विचारलं, पुलाकडून घेऊ? खाली अक्षरं आली: ‘पूल नको. समुद्रावरून चला.’ सुनेने अक्षरं बघितली, आणि मग बाबांकडे बघितलं. दाराकडे तोंड करून, मान जराशी पुढे काढून ते बसले होते. हे अजून मुलाची वाट बघतायत, असं तिच्या मनात आलं. ते नेहमीच यायचं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “म्हणते, पुलाकडून चला.”

एकदा टीप घालायला घेतली की कापड संपेपर्यंत शिवत जावं लागतं. सुनेने राणीला पुलावर आणलं. तिला म्हाताऱ्याच्या हातातला दिवा घ्यायला लावला. “दमला असाल, चला घरी,” असं तिच्याकडून म्हणवूनही घेतलं. पडद्यावर त्या वेळी नुसतं धुकं होतं आणि दिव्याचा एक ठिपका.

“हा पाण्याचा आवाज कसला?” बाबांनी विचारलं.

“पुलाखालून नदी वाहते ना.”

“वल्ही मारल्यासारखा येतोय.”

“जोरात वाहतेय,” सून म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, “छान केला शेवट.” आणि सुनेला त्याच क्षणी कळलं की आपण काय करून बसलो.

सोमवारी दुपारी तिने काजबटणला बाजूला घेतलं. काजबटण त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, आणि जिन्यात बाबांना गाठून गप्पा मारायची तिला खोड होती. “बाबांसमोर शेवटाबद्दल चकार शब्द काढू नकोस,” सून म्हणाली, आणि का ते सांगून टाकलं.

काजबटणचे डोळे विस्फारले. “म्हणजे राणी पुलावर आली? दिवा हातात घेतला? मग? मग काय म्हणाली?” तिने सुनेकडून सगळा शेवट पहिल्यापासून वदवून घेतला, आणि ‘दमला असाल’ला ती घळाघळा रडायलाच लागली. मालकीणबाईंनी मोजमापाची टेप गळ्यातून काढून डोळ्यांना लावली. “असं पाहिजे होतं गं! ह्यांना जाऊन सांगते. आज जेवतील.”

“ग्रुपवर टाकू?” काजबटण म्हणाली.

“खबरदार!” सून म्हणाली. दुकानाची तोंडं तिने बंद केली खरी, पण शहराची कशी करणार? बसथांब्यावर, भाजीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, जिथे दोन माणसं उभी होती तिथे तिसरी ती राणी होती. आणि बुधवार हा बाबांचा दाढीचा वार.

“या खेपेला राहू द्या,” तिने म्हणून बघितलं. “मीच घरी करते.”

“तू कापड काप,” बाबा म्हणाले.

बुधवारी सकाळी बाबांना नाक्यावरच्या सलूनमध्ये सोडून ती दुकानात आली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पँटच्या एका पायाची मोरी दुमडली आणि दुसरी तशीच ठेवून इस्त्रीला दिली. शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, “जा बाई, जाऊन ये.” एप्रन न काढताच ती धावत सुटली.

सलूनमध्ये वादाला तोंड फुटलेलं होतं. सलूनवाला बाबांच्या गालाला फेस लावता लावता तावातावाने बोलत होता. “माझं म्हणणं एवढंच, कंडक्टरसाहेब, जहाजात बसायचं तर बस बाई, पण जाताना म्हाताऱ्याला हात तरी कर! तो बिचारा पुलावर बसलाय आणि मालिका खलास!”

“असाच शेवट खरा,” बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं. “जगात असंच होतं.”

“जगात होतं ते बघायला मी पंखवाले लांडगे बघतो काय?” सलूनवाला गरजला. मग वस्तरा हातात घेऊन त्याने विचारलं, “तुम्हाला कसा वाटला, साहेब?”

सून दारातच थिजली. बाबांचा चेहरा तिला आरशात दिसत होता, अर्धा फेसाने पांढरा. तो हलला नाही. बाबा म्हणाले, “वाईट केला. म्हाताऱ्याला नुसतं बसवून ठेवलं. मलाही नाही आवडला.”

आणि मग मान न वळवताच, “सूनबाई आली वाटतं. खिशात टाचण्यांची डबी खुळखुळतेय.”

चारचौघांत त्यांनी तिची लाज राखली. त्याचंच तिला जास्त लागलं. वाटेत ते तिच्या कोपराला धरून चालले, पायरी आली की थांबले, आणि शेवटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. घरात तसं सगळं नेहमीसारखं चालू राहिलं, फक्त एक गोष्ट बदलली. आजवर तिने तळहातावर ठेवलेली गोळी बाबा न विचारता तोंडात टाकत. गुरुवारी त्यांनी गोळी बोटांनी चाचपली आणि विचारलं, “ही कुठली?”

“रक्तदाबाची,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

शनिवारी संध्याकाळी तिला राहवेना. बाबा खुर्चीत होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

“बाबा, मी खोटं वाचलं.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून...”

“मला काय वाटावं ते मी बघेन ना,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “पडदे हलायचे तेव्हा मला कळायचं, ही काहीतरी गाळतेय. तू गाळतेस हे तू मला सांगायचीस. त्यात लबाडी नव्हती. त्या रविवारी तू वारा सुटलाय म्हटलंच नाहीस, पोरी. मी ते खरं धरून बसलो. सलूनमध्ये त्याने जरा आधी विचारलं असतं तर मी छाती फुगवून सांगणार होतो, काय सुंदर शेवट केलाय म्हणून.”

सुनेला रडू फुटलं. बाबांनी ते फुटू दिलं.

“तू काय दिसतंय तेवढं सांग,” ते शेवटी म्हणाले. “दुसरे डोळे मी आणू कुठून?” आणि मग, “उद्या तुझी नणंद येणार ना? माझे शर्ट इस्त्री करून ठेव.”

किती करू, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. तिने सगळेच केले. कॉलरला इस्त्री दाबताना तिला कळत होतं की ती बॅगेत नीट बसतील अशाच घड्या घालतेय.

रविवारी दुपारी वन्सं आल्या. ती मालिका एकदाही न बघितलेल्या त्या बहुधा दोन्ही शहरांतल्या एकमेव बाई असतील. आल्या आल्या त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, खिडकी उघडली, पडवळासारखी वाळलीयेस म्हणून तिला दटावलं, आणि म्हणाल्या, “काय बाबा, संपली ना ती तुमची राणी? बॅग कुठे आहे?”

“शेवटचा भाग ऐकायचा राहिलाय,” बाबा म्हणाले. त्यांनी निळा शर्ट घातला होता आणि खुर्ची होती तिथेच, दाराकडे तोंड करून होती. “तूही बस. सूनबाई, लाव.”

सुनेने लावला. जहाजाचा प्रसंग आला.

“नावाडी विचारतोय, पुलाकडून घेऊ? राणी म्हणते...” ती क्षणभर थांबली. “‘पूल नको. समुद्रावरून चला.’”

वल्ह्यांचा आवाज आला. बाबांनी मान हलवली, ओळखीचं कुणी भेटावं तशी.

“मागे वळून बघितलं तिने?”

“नाही.”

“पुलावर काय आहे?”

“म्हातारा बसलाय. दिवा हातात आहे. धुकं आहे.”

“तोंड कुठे आहे त्याचं?”

“ती लढाईला गेली होती त्या रस्त्याकडे.”

“आणि गाव?”

सून टीव्हीच्या जवळ सरकली. आठ वर्षांत तिकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. “गाव त्याच्या पाठीमागे आहे. दोनतीन खिडक्यांत उजेड आहे. एका दारात कुणीतरी बाई उभी आहे, पुलाकडे बघत.”

“मग मूर्खच आहे तो!” बाबा वैतागून म्हणाले. “वळून बसायला काय झालं होतं त्याला?”

एवढ्या सह्या झाल्या, एवढे शिव्याशाप झाले, पण ही तक्रार आजवर कुणीच केली नव्हती. टीव्हीवर नावं सरकायला लागली. वन्सं मात्र बाबांच्या खुर्चीकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही तरी कुठे वळलात, बाबा? तुम्हीही दाराकडेच तोंड करून बसता. तो नाही यायचा आता.”

 या घरात हे कुणी बोलत नसे.

“तो?” बाबांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “त्याची वाट कोण बघतंय? त्याचा नाद मी त्याच वर्षी सोडला. अगं, ही येते ना दुकानातून. खालच्या जिन्यात चप्पल वाजली की मी उठून पाणी ठेवतो. ही तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत उकळी फुटते. टीव्हीकडे तोंड करून बसलो तर मला ऐकू कसं येणार?”

 सुनेला इतकी वर्षं वाटत होतं की या दारात आपण रोज चुकीचं माणूस म्हणून शिरतो. आपण आत पाऊल टाकलं की बाबा मनातल्या मनात खट्टू होत असतील, असं समजून ती चपला आवाज न करता काढायची. ती उठली, उगाचच टीव्हीवरची धूळ पदराने पुसली, आणि पुसतच राहिली.

वन्संनी नाक ओढलं. त्यांना सगळं समजलं होतं, पण त्या बाबांचीच मुलगी होत्या. “बरं. मग आता तरी संपली ना मालिका?”

“छे!” बाबा म्हणाले. “हिने मध्ये कुठे काय गाळलंय याचा पत्ता आहे का मला? पहिल्या भागापासून ऐकायची आता, नीट. संपू दे, मग बघू.”

“आठ वर्षांची आहे ना ती?”

“आहे खरी,” बाबा म्हणाले आणि त्यांनी सुनेपुढे हात पसरला. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. तिने गोळी तळहातावर ठेवली. बाबांनी ती न चाचपता तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले.

वन्संनी पर्स बाजूला ठेवली, पाय वर घेतले आणि सोफ्यावर ऐसपैस बसल्या. “लाव तर मग. बघू तरी काय एवढं आहे त्यात.”

सुनेने पहिला भाग लावला. धुकं आलं, पूल आला, दिवा आला. मग महालाची एक खिडकी दिसली, आणि तिला आठवलं की पहिल्याच भागात चांगला दणदणीत वारा होता. तिने एकदा वन्संकडे बघितलं, एकदा बाबांकडे बघितलं आणि घसा साफ केला.